कॉलेज मधी नको

पठाण सरांच्या खिशात कायम पांढऱ्या चिकटपट्टीचं भेंडोळं असायचं. कुणी खेळाडूंचा फोटो घ्यायला मोबाइल काढला, की सर धावत येऊन पोरींना पट्टीचे तुकडे वाटायचे आणि जर्सीवरचं कॉलेजचं नाव झाकायला लावायचे. आमचा ढाल जिंकल्याचा फोटो बघून पाहुणे अजून विचारतात, “अपघात झालता का?”

केजमधल्या आमच्या कॉलेजात मी हेडक्लार्क. पठाण सर खेळाचे शिक्षक. रिटायर झाले तरी संस्थेने मानधनावर ठेवून घेतलेले. या पट्टीचं मूळ विद्यापीठाच्या एका परिपत्रकात होतं. खेळाडूने जाहिरात करून खुशाल पैसे मिळवावेत. पण कॉलेजने ते देऊ नयेत, मिळवून देऊ नयेत, मध्ये पडू नये, आपलं नावही वापरू देऊ नये. असली परिपत्रकं आम्ही वाचतो कुठे, फाइलला लावून मोकळे होतो. सरांनी मात्र ते लॅमिनेट करून घेतलं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: “कॉलेज मधी नको, भाऊसाहेब.”

एकदा एका रसवंतीवाल्याने जिंकून आलेल्या पोरींना फुकट रस दिला. सरांनी विचारलं, “बोर्डावर ह्यांचं नाव घालणार का?” तो म्हणाला, घालतो की. झालं, सगळे ग्लास परत. “मी संग हाय, म्हंजी कॉलेज मधी आलं.” एका पोरीने अर्धा ग्लास आधीच संपवला होता. तिच्याकडे सरांनी असं पाहिलं, की बिचारीला ठसका लागला.

सारिका आमची खो-खोची कॅप्टन, पाटोद्याची. तिच्या मेसचा खर्च घरच्यांना झेपेना. वडील म्हणाले, दिवाळीनंतर खेळ बंद, घरी ये. स्थळंही बघायला लागले. संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, ट्रॉफी हवी होती. त्यांनी भर मीटिंगमध्ये तोडगा काढला. संस्थेने पैसे अण्णांच्या मेव्हण्याच्या बुटांच्या दुकानात द्यायचे आणि दुकानाने ते जाहिरातीचे म्हणून सारिकाला द्यायचे. आम्ही सगळे नंदीबैलासारख्या माना डोलावत होतो. तेवढ्यात सर उठले.

“अण्णा, ही चोरी हाय.”

अण्णांच्या तोंडावर असं बोललेलं मी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. तोडगा तिथेच बारगळला. चहा आला, तो कुणीच घेतला नाही.

पुढे मोटारपंपाच्या एका दुकानदाराने आपणहून सारिकाला विचारलं. पंपाशेजारी तिचा पळतानाचा फोटो हवा होता. पोरगी करारनामा घेऊन ऑफिसात सरांकडे आली. फोटो कायमचा दुकानाचा आणि दुसरी कुठलीही जाहिरात करायची नाही, असं त्यात लिहिलेलं. वडील तर कुठेही सही ठोकणारे.

“सर, दुकानवाले लई घाई करायलेत. तुमी एवढं वाचा आन् दुकानात माझ्यासंग चला.”

सरांनी चक्क भिंतीकडे तोंड फिरवलं. “मला दाखवू नको, बाई. मी कॉलेज हाय.”

“मग काहून शिकवलं मला?” एवढंच म्हणून ती गेली.

माणूस इतका दगड असावा? त्या दिवशी मी सरांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच सर समोर उभे. हातात राजीनामा. मी तो तीनदा वाचला, तरी डोक्यात शिरेना. बायको गेलेली, मुलगा हैदराबादला. मैदान सोडलं तर या माणसाला होतं काय?

“सर, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आवक नंबर टाका, भाऊसाहेब. अकराला दुकान उघडतंय.”

अण्णांचा सरांवर राग होताच, त्यांनी दहा मिनिटांत सही केली. अकरा वाजता सर सारिकाला आणि पाटोद्याहून बोलावलेल्या तिच्या वडिलांना घेऊन पंपाच्या दुकानात बसले. ‘कायमचा’ खोडून ‘एक वर्ष’ करून घेईपर्यंत दुपार झाली. पोरगी कॉलेजात राहिली.

परवा सकाळी सर मैदानाच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे दिसले. आत सराव चालला होता.

“आत या की, सर.”

“बाहेरच्या माणसाला मनाई हाय. बोर्ड मीच लावलाय.”

“मग घरी तरी जा.”

“घरी जाऊन कुणासंग बोलू?”

आत सारिकाला खो मिळाला आणि ती सुटली. मी तिला हाक मारणार, तोच सरांनी माझा हात धरला.

“मी हितं हाय म्हणून सांगू नका तिला. पळताना मागं वळंल. फाउल देतेत.”