कासवांची राखण, सर्वानुमते

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलात तरी हरकत नाही. कीर्तनाला टेकून बसणाऱ्यालाही पुण्य पूर्ण मिळते (मध्ये डोळा लागला तरी कापून घेत नाहीत). आज एक आख्यान सांगतो. त्यात देव आहे, कासव आहे आणि कचेरी आहे. तिघांच्याही पाठी कठीण.

ज्याचे रक्षण करायचे त्याच्यापेक्षा रक्षण करणाऱ्याची निवड अधिक महत्त्वाची असते. हे सत्य देवदानवांना ठाऊक नव्हते. समुद्रमंथनात मंदर पर्वत बुडू लागला आणि भगवंताने कासव होऊन खाली पाठ दिली. ना अर्ज, ना छातीचे माप, ना डॉक्टरचा दाखला. त्यामुळे अमृत निघाले हे खरे, पण हलाहलही निघाले. त्या काळी कचेरी असती तर काहीच निघाले नसते.

ही उणीव १९६३ साली आमच्या किनाऱ्यावर भरून निघाली. आमची वाडी मिठबावच्या अंगाला. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तिथे कासवाच्या माद्या वाळूत अंडी घालायला येतात. एका थोर खात्याने (नाव सांगत नाही, थोरांना नावाची हौस नसते) त्यांच्या रक्षणासाठी 'कासवरक्षक, हंगामी' अशी जागा काढली. अटी अशा: उमेदवार पुरुष असावा. छाती बत्तीस इंच, फुगवून चौतीस. सायकल चालवता येत असावी. वाळूत सायकल चालत नाही हे मान्य; पण उमेदवाराला ती चालवता यावी एवढीच अट होती, ती चालावी अशी नव्हती.

पुरुषच का, असा प्रश्न काही अर्धवट लोक विचारतात. किनाऱ्यावर येते ते प्रत्येक कासव मादी असते. नर एकदा पाण्यात शिरला की सहसा पुन्हा जमिनीवर पाऊल टाकत नाही. म्हणजे या सगळ्या कार्यात पुरुषाचा जमिनीवर कसलाच सहभाग नव्हता. खात्याने तो मिळवून दिला.

आमच्याच वाडीतल्या लवूची निवड झाली. त्याची छाती फुगवून पस्तीस भरली आणि ती तो फुगवलेलीच ठेवी. त्याला खाकी वर्दी, पट्टा आणि शिटी मिळाली. पहिल्या हंगामातील कामगिरी: सापडलेली घरटी सोळा, पैकी लवूने स्वतः पाहिलेले एक (तो त्यावर बसून कलिंगड खात होता). शिटी फुंकण्याचे प्रसंग नऊ. पैकी एसटी थांबवण्यासाठी सात, शिटी वाजते का हे पाहण्यासाठी दोन.

मग घरटी सापडत कुणाला? लवूच्या वहिनीला, पद्मावतीला. तिचा नवरा गुणाजी मुंबईला लाँचीवर. ही मासळीची पाटी घेऊन बाजाराला जाई, पण त्याआधी झुंजुमुंजू होताच किनारा पालथा घाली. वाळूत कासवाच्या फरफटीची खूण दिसली की थांबे. घरटे भरतीच्या तोंडी असेल तर त्याच सकाळी अंडी अलगद उचलून, न उलटता, वरच्या वाळूत तशीच मांडी. भोवती करवंदीचे काटे, त्यावर फाटके जाळे. कुत्री आणि कोल्हे तिथेच अडत. प्रत्येक घरट्यासाठी एक सुतळी आणि दिवसाला एक गाठ. पन्नास-पंचावन्न गाठी झाल्या की वाळू हलू लागते आणि पिल्ले समुद्राकडे निघतात. हे तिला कुणी शिकवले नव्हते (म्हणून ते बरोबर असे).

काट्यांना न जुमानणारे दोन पायांचे प्राणी राहिले. कासवाची अंडी खाण्याची आमच्याकडे जुनी आवड. कूर्मावताराला हात जोडायचे आणि त्याच हातांनी तव्यावरचा पोळा उलटायचा. यात विसंगती कुणाला दिसली नाही, कारण हात जोडताना डोळे मिटलेले असतात. देवळात गावाच्या वतीने बोलण्याचा मान ज्यांचा, ते वयोवृद्ध भिकाजीकाकासुद्धा एकदा पहाटे पिशवीसह आढळले.

"काय ओ काका, पिशयेत काय?" पद्मावतीने विचारले.

"काय नाय गो. शेणी गोळा करूक इल्लंय."

"वाळवेर शेणी? तुमची गाय दर्यात चरता काय?"

काकांनी पिशवी झटकून दाखवली. त्यातून अंडे पडले नाही, शेणीही पडली नाही. एक चहाचा चमचा पडला. अंडी उकरण्याचे ते अधिकृत हत्यार.

त्याच हंगामात, असे सुरळीत चालले असताना हरिश्चंद्र टिपणीस नावाचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी लवूला घरट्यांची संख्या विचारली. लवूने छाती फुगवली, सलाम ठोकला आणि म्हणाला, "वैनीक विचारूक व्हया, साहेब."

दुसरा साहेब रागावला असता. टिपणीस साहेबांचे डोळे भरून आले. ते नव्या विचारांचे होते. स्त्री वन्यजीवांचे रक्षण करते आहे, आणि तेही आपल्या हद्दीत! त्यांनी तिथल्या तिथे 'स्त्री-रक्षिका गौरव समारंभ' जाहीर केला. पंधरा दिवसांत किनाऱ्यावर मांडव उभा राहिला. जागा सपाट हवी म्हणून अकराव्या आणि बाराव्या घरट्याच्या मधली निवडली. बाराव्या घरट्याची सुतळी त्या दिवशी एकोणपन्नास गाठींवर होती.

दुपारी चार वाजता समारंभ सुरू झाला. सबंध वाडी आली. मी जन्मभर कीर्तने ऐकली आहेत, बुवांच्या मागे झांज घेऊन उभा राहिलो आहे. पण साहेबांसारखा आवाज क्वचित. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो चढायचा आणि तिथेच थांबायचा. घोटाळा झाला तो इथे.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालतात. एकजण गावासाठी मागणे मागतो, प्रत्येक मागण्याच्या शेवटी आवाज चढवून थांबतो, आणि सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे रक्तात आहे. आणि देवासमोर एकदा व्हय म्हटले की ते मागे घेता येत नाही.

साहेब म्हणाले, "स्त्री ही जन्मतःच रक्षणकर्ती आहे, तेव्हा तिला वेगळ्या नेमणुकीची गरजच काय!"

आवाज चढला, थांबला. पहिल्या रांगेत पेंगत असलेले भिकाजीकाका दचकून ओरडले, "व्हय म्हाराजा!" मागोमाग सगळी वाडी: "व्हय म्हाराजा!"

साहेब भारावले. त्यांनी शेजारी बसलेल्या कारकुनाला, कसालच्या भाईंना, हुकूम दिला: सभा ज्याला ज्याला होय म्हणेल ते ठराव म्हणून लिहून घ्या. भाईंनी लिहिले: ठराव पहिला, सर्वानुमते.

"स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी, सूर्योदयापूर्वी किनाऱ्यावर येण्यास त्यांना मनाई असावी!"

"व्हय म्हाराजा!" ठराव दुसरा.

"आणि ही अनमोल अंडी उद्याच सकाळी उकरून, आंब्याच्या पेट्यांत पेंढा घालून, सरकारी विश्रामगृहात सुरक्षित ठेवावीत!"

हा व्हय सर्वांत मोठा उठला, आणि मनापासून. आमच्याकडे जे काही चांगले होते ते पेंढ्याच्या आढीतच होते. हापूस पिकतो, तर कासव का पिकू नये?

खुर्चीवर बसलेली पद्मावती पांढरी पडली. ती लवूच्या कानाशी वाकली. "भावजी, इतक्या दिसांनी अंडा हलयला तर आतला पिल्लू मरता. सोळाच्या सोळा घरटी जातली. सांगा ह्यांका."

"वैनी, कसा सांगू?" लवू कळवळून म्हणाला. "अंगावर वर्दी आसा."

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'सत्कारमूर्तींचे दोन शब्द (एक मिनिट)' असे होते. पद्मावती उठली. सत्काराचा नारळ तिने वाळूवर ठेवला, पायांतल्या वहाणा काढल्या, समुद्राकडे तोंड करून हात जोडले. गाऱ्हाणे बाईने घालायचे नसते, पण हे आठवायच्या आत सगळी वाडी सवयीने उभी राहिली होती. साहेबही उठले आणि त्यांनी बूट काढून हातात घेतले.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा! आज हय तुझी लेकरा जमली आसत. त्यांच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आंब्याक पेंढो नि अंड्याक वाळू, ह्या तूच नेमून दिलंस. ता बदलूची बुद्धी कोणाक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण पिशयी घेऊन हय येता, त्येचा नाव मी घेणंय नाय, तू जाणतंस. फुडे इलो तर त्येचो पोळो तव्याक चिकटान बसूंदे रे म्हाराजा!"

इथे आवाज थोडा खाली आला. भिकाजीकाकांचे नुसते ओठ हलले. पण देव समोर असताना गप्प राहणे म्हणजे पिशवी उघडून दाखवणेच. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." (मीही म्हणालो.)

"नि जी राखण करता, तिच्याच नावान राखणेचो कागद निघूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्या गजरात, हातात बूट धरलेल्या साहेबांचा शुद्ध आवाज सर्वांच्या वर: "होय महाराज!"

भाई खाली मान घालून लिहीत होते. हुकूम हुकूम असतो. एकूण ठराव सात, सातही सर्वानुमते.

साहेबांना कागद फाडता आला असता. पण माणूस भाविक. "देवासमोर होय म्हटले आहे मी," म्हणाले आणि सही केली. आता तिसरा ठराव अंडी उकरा म्हणत होता, पाचवा उकरू नका म्हणत होता; दुसरा बाईला पहाटे किनाऱ्यावर येऊ नको म्हणत होता, सातवा तिलाच राखण देत होता. अशा वेळी मार्गदर्शन मागवावे असा नियम आहे. फाईल वर गेली आणि बहात्तर दिवसांनी परत आली. कचेरीच्या दिरंगाईला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: सर्वांत लांब सुतळी सत्तावन्न गाठींची झाली. सोळाही घरट्यांतली पिल्ले फाईलीच्या आधी समुद्राला पोहोचली. बारावे घरटे फुटले तेव्हा लवूने वर्दी नीट करून सलाम ठोकला. शिटी वाजवायचे तो विसरला.

वरून आलेले मार्गदर्शन असे: 'रक्षकाच्या जागी श्रीमती पद्मावती यांचे नाव लिहिण्यास हरकत नाही. मात्र छाती पूर्वीच्याच इसमाची ग्राह्य धरावी.' तेव्हापासून आमच्या किनाऱ्याची राखण अधिकृतपणे पद्मावती करते, लवूच्या छातीने.

समारंभाचा फोटो कचेरीत लावला आहे. मध्ये साहेब, उजवीकडे लवू, मागे भाई, कोपऱ्यात भिकाजीकाका. पद्मावती त्यात नाही. फोटोच्या वेळी ती बाराव्या घरट्यापाशी रुतलेला मांडवाचा खांब उपटत होती. कडेला लुगड्याचा पदर तेवढा आला आहे.

आख्यान संपले. साहेबांचे पूर्ण नाव मी तुम्हाला सांगितले, लवूची छाती सांगितली, भाईंचे गाव सांगितले. तिचे आडनाव सांगितले नाही, आणि इतका वेळ माना डोलावत बसलात तरी तुमच्यापैकी कुणी विचारले नाही. असो. कोयंडे. पद्मावती गुणाजी कोयंडे. घरी गेल्यावर देवापुढे हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा, एवढेच मागणे आहे रे म्हाराजा!

म्हटलेत ना व्हय? पिशवीचे कलमही त्यातच येते. भाईंनी लिहून घेतले आहे.