मेजरकाकांची विकाऊ जिप्सी

आमच्या गल्लीत एक जिप्सी कित्येक वर्षं विकायला होती, आणि ती चुकूनही विकली जाऊ नये म्हणून तिचा मालक दर रविवारी सकाळपासून झटत असे.

मालक म्हणजे मेजर घोरपडे. मूळ गडहिंग्लजकडचे. फौजेतली शेवटची काही वर्षं चंडीमंदिरच्या छावणीत काढली, निवृत्त झाले आणि चंडीगडमध्येच घर घेऊन राहिले. जिप्सीच्या पुढच्या काचेत 'विकणे आहे' अशी पाटी. हिंदीत, इंग्रजीत आणि पंजाबीत. मराठीत लिहायचं कारण नव्हतं, कारण गल्लीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. पाटीवर किमतीचा आकडा होता. तो खोडून वर दुसरा, तोही खोडून तिसरा. लोकांच्या गाड्यांची किंमत दरवर्षी खाली येते. काकांच्या गाडीची वर जायची आणि ते दिवाळीच्या आसपास ब्रश घेऊन ती रीतसर वर चढवायचे.

त्यांची माझी ओळख झाली ती मी त्यांचा नापास ग्राहक म्हणून. सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेत नोकरी लागून मी नुकताच इथं राहायला आलो होतो. फाटकातून जाता जाता, केवळ बोलायला विषय हवा म्हणून, किंमत विचारली. पुढचे दोन तास मी वेताच्या खुर्चीत मुलाखतीला बसल्यासारखा बसलो होतो.

"गाव?"

"नाशिक."

"डोंगरात चालवलीय कधी?"

"सप्तशृंगीला गेलोय."

"एस. टी. नं?"

मी मान डोलावली. मग त्यांनी मला गाडीचं दार लावायला लावलं. मी लावलं. त्यांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. मग मला गाडीभोवती एक फेरी मारायला सांगितली आणि काय दिसतं ते सांग म्हणाले. मी जे दिसलं ते सांगितलं. शेवटी ते उठले, आत हाक मारून चहा मागवला आणि म्हणाले, "चहा घ्या आणि निघा."

मला गाडी नको होती. तरी नापास झाल्याचं वाईट वाटलं, ते आजतागायत.

'चाय पियो और निकलो' असं हेच वाक्य हिंदीत पुढं मी शेकडो वेळा ऐकलं. त्या वाक्यात चहा आधी यायचा हे मात्र खरं. आलेला माणूस कितीही नालायक निघो, आल्याचा चहा आणि दोन खारी बिस्किटं घेतल्याशिवाय त्याला हाकललं जात नसे.

बिस्किटावरून आठवलं. आजकालच्या सगळ्या गाड्यांना काका बिस्कीट म्हणत. माझ्या गाडीलाही. "आणलं का बिस्कीट धुवून?" असं विचारत. आणि जुनी जिप्सी किंमत का टिकवून धरते, यावर त्यांचं एक व्याख्यान होतं. ऐकणाऱ्याला ते टाळता येत नसे, कारण ते सुरू करताना काका फाटकाला कडी घालत.

"हे बघ लेका," ते म्हणायचे, "नवी गाडी शोरूमच्या दारातनं भाईर पडली की किंमत पडली. का? तिच्या पोटात काय हाय ते घेणाऱ्याला ठाऊक नसतं नि विकणाऱ्यालाबी नसतं. हिचं बॉनेट उघड. समदं दिसतंय. बिघडली तर पाना घ्यायचा नि रस्त्यात दुरुस्त करायची. जी वस्तू रस्त्यात दुरुस्त होती तिची किंमत पडत न्हाई."

मग टायरवर थाप. "आन् दुसरं. ही गाडी बनवायची कंपनीनं बंद केली. पर रस्ते वाईट करायचं कुणी बंद केलंय का? नाही ना? मग मागणी र्‍हाणारच की."

आणि मागणी होतीच. हिमाचलातल्या सफरचंदवाल्यांपासून मोहालीच्या आयटीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना ती जिप्सी हवी होती. पावसात डोंगर खाली आला की बिस्किटं जिथं थांबतात तिथून ही पुढं जाते, हे सगळ्यांना माहीत. आणि काकांची जिप्सी म्हणजे तर दागिना. स्प्रिंगचे पाटे नवे, कापडी हूड नवं, चॅसीवर गंजाचा ठिपका नाही. स्क्रूंच्या खाचासुद्धा सगळ्या एका दिशेला वळवलेल्या. माझी बायको म्हणते, आपल्या देवघरात एवढी शिस्त नाही.

या सगळ्या टापटिपीत एकच गोष्ट खटकायची. डाव्या बाजूच्या पुढच्या दाराखाली एक लोखंडी पायरी जोडलेली होती आणि ती वाकडी होती. थोडीथोडकी नाही. पार मागच्या चाकाकडे तोंड करून तिरकी. डिंक लावून चिकटवल्यासारखी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मोजून केलीया." आणि बॉनेट पुसायला लागले. मोजून वाकडी कोण करतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या हातात पाना होता.

सुमनकाकू तेव्हा होत्या. मला त्यांचा सहवास जेमतेम वर्षभराचा. काकूंची उंची अशी की आमच्या सोफ्यावर बसल्या तर पाय जमिनीला लागत नसत आणि आवाज असा की सेक्टर बावीसच्या बाजारात भाजीवाला आपण होऊन भाव उतरवत असे. जिप्सीला त्या म्हैस म्हणत. "म्हशीला आंघोळ घालून झाली असंल तर माणसांनी बी करा," असं सकाळी ऐकू यायचं. रविवारी संध्याकाळी दोघं त्या म्हशीत बसून फिरायला जायचे. गुडघा धरलेल्या काकू उंच सीटवर बसून सगळ्या चंडीगडकडे वरून बघत जायच्या. विकायची पाटी ही त्यांचीच कल्पना. "तुमच्या माघारी हिचं कोण करणार? आत्ताच चांगलं घर बघून द्या," म्हणाल्या होत्या. लेकीचं लग्न ठरवावं तसं. लेक मंजिरी तर केव्हाच लग्न होऊन पुण्याला गेली होती.

काकू गेल्या. पाटी राहिली.

गेल्या हिवाळ्यात धुक्यातल्या एका सकाळी काका जिन्यावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण मंजिरी विमानानं आली आणि तिनं विषयच संपवला. बाबांनी पुण्याला यायचं. काका म्हणाले, येतो की. गाडी विकली की येतो. गाडी पुण्याला न्यायचा प्रश्न नव्हता. इतकी जुनी गाडी पुण्याला नेऊन पास करून घेणं म्हणजे नव्यानं जन्माला घालण्यासारखं. शिवाय मंजिरीच्या इमारतीत एकच जागा, तिथं जावयाचं बिस्कीट.

जाताना मंजिरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तुम्ही गिऱ्हाईक आणा. बाबा पुढचा हिवाळा इथं एकटे काढायला नकोत. त्यांना सांगून काही होत नाही. ती गाडी विकली तरच होईल."

झालं. मी दलाल झालो.

पहिला आणला तो मोहालीचा जस्सी. काळा चष्मा, सोबत चार मित्र. मागितली ती किंमत द्यायला तयार. जिप्सीभोवती फिरून तो भावी संसाराची स्वप्नं सांगू लागला. टायर मोठे टाकू. मागं स्पीकर बसवू. रंग काळा मारू. काका शांतपणे ऐकत होते, मला आश्चर्य वाटलं. मग जस्सीनं खाली वाकून पायरीवर बूट आपटला. "और ये सीढ़ी-शीढ़ी तो उड़ा देंगे, अंकल. पत्थरों में अटकेगी."

"चाय पियो और निकलो," काका म्हणाले.

मी समजलो, स्पीकर नडले.

दुसरा सोलनचा बागायतदार. सज्जन माणूस. दार असं लावलं की आवाज नाही. पुढं सगळा पेपर सोडवला. वाटेत बंद पडली तर काय कराल, तर म्हणाला, आधी ठिणगी पडते का, पॉइंट बघू, मग पेट्रोल येतंय का बघू. काका खुशीत आले. त्यांनी त्याला गाडीत घालून नयागावच्या पलीकडच्या कोरड्या ओढ्यात नेऊन आणलं. मी मनातल्या मनात मंजिरीला फोन लावलासुद्धा. परतल्यावर बागायतदार उतरता उतरता म्हणाला, "सब बढ़िया है जी. बस, ये सीढ़ी टेढ़ी लगी है. मैं सीधी करवा लूंगा."

चहा आला. बागायतदार निघाला.

"काका, आता काय झालं?" मी विचारलं.

"पाटे कळत न्हाईत त्याला," ते म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, हा माणूस जन्मात गाडी विकणार नाही. बायको म्हणाली, "मग मंजिरीला सांगून टाका तसं." तेवढं मात्र माझ्यानं झालं नाही.

हरलीनला मी आणलं ते निव्वळ कर्तव्य म्हणून. माझ्या सहकाऱ्याची बहीण. डॉक्टर, मोरनीच्या डोंगरात एका सरकारी दवाखान्यात नेमणूक. तिचं बिस्कीट तिथल्या रस्त्यावर पोट घासून घासून थकलं होतं. रविवारी ती आली तेव्हा सोबत तिची आई, बीजी, होती. गुडघ्याच्या इलाजासाठी शहरात आणलेली. बीजींना गाडीतून उतरायला वेळ लागला. त्या फाटकाजवळच्या सावलीत उभ्या राहिल्या आणि परीक्षा सुरू झाली.

अशी परीक्षा मी बघितली नव्हती. हरलीननं दार इतक्या जोरात लावलं की कडुनिंबावरचे पोपट उडाले.

"डोंगरात चालवता ना? मग लो गिअर केव्हा टाकता?" काकांनी हिंदीत विचारलं.

"वो कौन सा होता है, जी?"

"वाटेत बंद पडली तर?"

"किसी को आवाज़ दूंगी. वहां सब मेरे मरीज़ हैं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ही नजर मला ओळखीची होती. चहा कुठवर आला याचा अंदाज घ्यायला मी स्वयंपाकघरातल्या कामवाल्या बाईकडे बघू लागलो.

इतक्यात सावली सरकली आणि बीजींना ऊन लागायला लागलं. आमच्या बोलण्याला त्या कंटाळल्याही असाव्यात. त्या हळूहळू जिप्सीपाशी आल्या, डाव्या बाजूचं दार उघडलं आणि गाडीला आडव्या उभ्या राहिल्या. दुखरा पाय जमिनीवर ठेवून चांगला पाय त्या वाकड्या पायरीवर टाकला. पाऊल तिरकं पडलं आणि पायरी तितकीच तिरकी होती. दाराच्या वरचा धरायचा पट्टा पकडला, अंग वळवलं आणि एका हिसक्यात सीटवर जाऊन बसल्या. ओढणी नीट केली. समोरच्या काचेतून त्यांनी आमच्याकडे वरून बघितलं आणि लेकीला पंजाबीत म्हणाल्या, "ऐ चंगी ऐ. चल, चलिए."

हरलीन हसली. "बीजी, अपनी नहीं है अभी. उतरो."

"बैठने दो," काका म्हणाले. "उनको बैठने दो."

त्यांचा पुढचा प्रश्न आलाच नाही. ते पायरीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता मराठीत बोलू लागले, हळू, आमच्या दोघांपुरतं.

"आधी सरळच बसवली होती मी. सुमनला जमंना. वर डोंगरात बर्फात पडून गुडघा गेला व्हता तिचा, सरळ चढताच यायचं न्हाई. रडकुंडीला आली एकदा. म्हणाली, तुमची तुम्ही जावा फिरायला. मग पत्र्यावर तिला उभी केली, आडवी, तिला जमंल तशी. नि खडूनं पावलाभोवती रेघ मारली. त्या रेघंवर जोडली." थांबून म्हणाले, "मोजून केलीया म्हणलं की तुला."

मला जस्सीचा बूट आठवला, बागायतदाराचं 'सीधी करवा लूंगा' आठवलं. आणि मग फार वर्षांपूर्वी गाडीभोवती फेरी मारून मी स्वतः काय सांगितलं होतं, तेही आठवलं. "सगळं झकास आहे, ती पायरी तेवढी सरळ करून घ्यायला हवी," असं म्हणालो होतो.

हरलीननं भीत भीत किंमत विचारली. काकांनी पाटीवरचा सर्वांत जुना, सगळ्यात आधी खोडलेला आकडा सांगितला. तिला वाटलं, गाडीत काहीतरी दोष असणार. मला वाटलं, काका चुकून बोलले. ते चुकले नव्हते.

चहा आला. बीजींना त्यांनी तो गाडीतच नेऊन दिला, बशीत खारी बिस्किटं घालून. दाराशी उभे राहिले आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले, "चाय पियो." मग जरा थांबले. "और ले जाओ."

कागदपत्रं पुढच्या आठवड्यात झाली. गाडी न्यायला दोघी आल्या तेव्हा काकांनी हरलीनला लो गिअर शिकवला, दार लावायलाही शिकवलं. ते तिला अजून आलेलं नाही. जिप्सी वळणाआड गेली. काका पाटी काखेत धरून फाटकात उभे होते. गाडीच्या जागेवर फरशीचा एक चौकोन बाकीच्या अंगणापेक्षा स्वच्छ दिसत होता.

"मंजिरीला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, तिकीट काढ."

मी फोन लावला. मंजिरीनं साहजिकच पहिल्यांदा विचारलं, केवढ्याला गेली? मी फोनवर हात ठेवून काकांना विचारलं, काय सांगू?

काका पाटीवरची धूळ बाहीनं पुसत होते.

"सांग की," ते म्हणाले, "किंमत पडली न्हाई म्हणावं."