शिंपलाभर पाणी आणि दोन राजहंस

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राहत होता. राहू दे बापडा. त्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. आजची गोष्ट जंगलातली नाही, दूर प्रशांत महासागरातल्या एका बेटावरची आहे.

त्या बेटावर खेकडे राहत. आपल्याकडचे खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणे. हे तसे नव्हते. ते माडावर चढत, नारळ खाली टाकत आणि वाटून खात. बेटावर नदी नव्हती, विहीर नव्हती. पाऊस पडला की ज्याच्या त्याच्या दारातला शिंपला भरे. शिंपला म्हणजे चांगलं घंगाळाएवढं भांडं. त्यातल्या गोड्या पाण्यावर पुढच्या पावसापर्यंत निभवायचं.

पाहुणचाराची तिथली रीत अशी. यजमानाने वाढत राहायचं आणि घरातलं उणं तोंडातून काढायचं नाही. पाहुण्याने वेळेवर "पुरे" म्हणायचं. अर्धी रीत याची, अर्धी त्याची. त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

एका सकाळी बेटाला शिडाची होडी लागली. तिच्यातून एक राजहंस जोडपं उतरलं. नवऱ्याचं नाव मानसराव, बायकोचं मौक्तिकाबाई. राजहंसांना पोहता येतं, उडताही येतं, मग होडी कशाला, असं विचारू नका. ते दोघं सरोवर सोडून साधं आयुष्य शोधायला निघाले होते. ते सापडेपर्यंत हाल नकोत म्हणून होडीत बर्फाची पेटी होती, लोणच्याच्या बरण्या होत्या आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी पिसांची गादी होती.

पाहुण्यांची पाळी त्या दिवशी टुपामावशीची होती. मावशीला एकच लेक, लागी. लागी त्या दिवसांत बिळात पडून होती. खेकडा वाढला की जुनं कवच टाकून नवं घेतो. तेव्हा बिळातली वाळू गोड्या पाण्याने ओली ठेवावी लागते. वाळू सुकली तर जुनं कवच सुटत नाही आणि खेकडा आतच अडकून मरतो. पाऊस लांबला होता. शेजाऱ्यांचे शिंपले तळाला गेले होते. मावशीने मात्र स्वतः तहान मारून लेकीसाठी अर्धा शिंपला राखला होता.

खेकड्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. माना लांब, त्यामुळे फुलं दुप्पट लागली. मग भाजलेला नीरफणस आला, मासे आले, शहाळी आली. हंस दूध आणि पाणी वेगळं करतो असं तुम्ही पाठ केलं असेल. या हंसांनी शहाळ्यातलं पाणी आणि मलई दोन्ही वेगवेगळं करून दोन्ही संपवलं. खेकडे प्रत्येक वेळी थोडं थांबत, पाहुणे काही म्हणतात का ते बघत आणि पुन्हा वाढत.

जेवण झाल्यावर मौक्तिकाबाई बेट बघायला निघाल्या. लागीच्या बिळात त्यांनी मान घातली. ती डोळे मिटून पडली होती.

"अगं बाई, भरदुपारी झोपलीय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "किती निवांत जगतात हे."

मानसरावांना हा विचार फार आवडला. आपल्या सरोवरात अशी शांत झोप कुणाला येते, असं म्हणून त्यांनी उसासा सोडला. मग ते म्हणाले की समुद्राचं मीठ पिसांना बसलंय, गोड्या पाण्याने अंघोळ झाली तर बरं होईल.

टुपामावशीने शिंपल्याकडे पाहिलं. खेकड्यांचा म्हातारा मुखिया तिच्या कानाशी लागला. बेटाची अब्रू तुझ्या हातात आहे, असं तो म्हणाला. त्याचा स्वतःचा शिंपला तिथून लांब होता.

मावशीला काळजी नव्हती असं नाही. पण तिचा रीतीवर विश्वास होता. पाहुणा आहे, म्हणेल पुरे. तिने करवंटी भरली आणि मानसरावांच्या पाठीवर ओतली. मग थांबली.

"अजून घालू?"

"घाला की, मावशी."

तिने घातलं. प्रत्येक करवंटीनंतर ती थांबत होती. मानसराव डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांच्यानंतर मौक्तिकाबाई बसल्या. त्यांच्यानंतर माळा धुतल्या, कारण त्या सुकायला लागल्या होत्या. मग होडीतले रिकामे बुधले आले. मावशीने तेही भरले. शेवटी शिंपल्याच्या तळाशी एक करवंटीभर पाणी उरलं. ते हातात घेऊन ती इतका वेळ उभी राहिली की दगडालाही कळलं असतं.

मानसरावांनी बुधल्यात डोकावून पाहिलं.

"तेही ओता यातच," ते म्हणाले. "वाया नको जायला."

संध्याकाळी होडी निघाली. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी नांग्या हलवल्या. मुखियाने मावशीची पाठ थोपटली. शेजाऱ्यांनी आपापल्या तळातलं थोडं थोडं आणून लागीच्या वाळूवर शिंपडलं. ते पुरलं नाही. पाऊस आला तेव्हा लागीचं कवच मधोमध तडकलेलं होतं आणि ती आतच होती.

तिकडे सरोवरात मानसरावांची व्याख्यानं सुरू झाली. त्या बेटावर कुणाकडे काही नाही, तरी कुणाला काही कमी नाही, असं ते सांगत. बदकं, बगळे डोळे पुसत आणि मग जेवायला जात.

पुढच्या वर्षी जोडपं पुन्हा आलं. या खेपेला त्यांनी रिकामे बुधले जास्त आणले होते. पाळी दुसऱ्या कुणाची होती, पण त्यांना मावशीच आठवत होती. ते थेट तिच्या दारात गेले. तिथे बिळाच्या तोंडाशी एक निळसर कवच ठेवलेलं होतं, मधोमध तडकलेलं.

"इश्श, किती सुंदर," मौक्तिकाबाई म्हणाल्या. "आमच्या दिवाणखान्यात शोभेल. मावशी, हे आम्हाला द्याल ना?"

सगळे खेकडे मावशीकडे बघू लागले. मुखियाने रीतीची आठवण करून द्यायला तोंड उघडलं. मावशीने ते कवच उचलून पोटाशी धरलं.

"पुरे," ती म्हणाली.

एवढंच. ती ओरडली नाही, काही समजावूनही सांगितलं नाही. पण पाहुण्याचा शब्द यजमानाने उच्चारलेला त्या बेटाने कधी ऐकला नव्हता. मुखियाने लाजेने डोळे आत ओढून घेतले. मानसराव आणि मौक्तिकाबाई जेवायलाही थांबले नाहीत. म्हणजे, शहाळी होडीत घेऊन निघाले.

सरोवरात परतल्यावर मानसरावांनी जड मनाने सांगितलं, की ते बेट आता पूर्वीचं राहिलं नाही. तिथली माणुसकी आटली. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनी ते भोळे खेकडे बिघडवून टाकले. सभेला ते अगदी पटलं. आता न बिघडलेलं एखादं बेट शोधायचं ठरलं आणि त्यासाठी मोठी होडी घेतली.

मुखियाने मावशीला वर्षभर वाळीत टाकलं. ती दारातल्या शिंपल्यापाशी बसून राहिली.

तात्पर्य : अतिथी हा देव असतो, बाळांनो. म्हणून शहाण्याने नेहमी अतिथीच व्हावं, यजमान होण्याच्या भानगडीत पडू नये.