पंख्याखालची खुर्ची

ज्यांच्यामुळे मी आज नोकरीत आहे, त्या इरण्णाकाकांनी मला दंडाला धरून वाचनालयाबाहेर काढलं होतं. माझा गुन्हा एवढाच, की मी परीक्षा पास झालो होतो.

"पास झालास नव्हं? मग हितं काय काम? ऊठ," म्हणत त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली, मला दारापर्यंत आणलं आणि अभ्यासिकेचं कार्ड काढून घेतलं. पेढ्यांचा पुडाही ठेवून घेतला. "आयितु," ते म्हणाले. काका मूळचे अक्कलकोटकडचे. एखादं काम संपलं की त्यांच्या तोंडून कानडी निघायची. आयितु म्हणजे झालं.

सोलापुरात आमच्या वस्तीजवळचं हे सार्वजनिक वाचनालय. काका तिथले ग्रंथपाल. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं, आत पुस्तकांची कपाटं आणि मागे परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी अभ्यासिका. बाहेरच्या खोलीत कुणीही यावं. पेन्शनीतले आजोबा एकच पेपर तिघांत वाटून घ्यायचे. विडी वळणाऱ्या बायका सरकारी कागद वाचून घ्यायला यायच्या. एक रिक्षावाले चाचा तर फक्त माठातलं पाणी प्यायला यायचे. 'सभासद आहात का' असं काकांनी कुणालाच विचारलं नाही.

"पाणी प्यायला आला तरी आत आला की," ते म्हणायचे. "आज माठापर्यंत आलाय, उद्या कपाटापर्यंत येतोय."

नियम होते ते अभ्यासिकेत. तिथे धड फिरणारा पंखा एकच. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय, त्यांना त्या पंख्याचं मोल सांगायला नको. त्याखालच्या खुर्चीवरून पूर्वी भांडणं व्हायची म्हणे. काकांनी एका वाक्यात निकाल लावला: जो जास्त वेळा नापास, त्याला जास्त वारं.

मी पहिल्यांदा नापास झालो तेव्हा तोंड लपवतच आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे घरच्यांना वाटे की पदवी मिळाली म्हणजे साहेबच होतात. घरी अभ्यासाची सोय नव्हती. एक खोली, आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग. चादर विणून होईपर्यंत तो थांबत नसे, आणि सोलापुरात चादरी कधी संपतात? नापास झाल्यावर अभ्यासिकेतूनही जावं लागलं, तर बसायचं कुठं, हीच धास्ती होती.

काकांनी निकाल विचारला. मी मान खाली घातली. त्यांनी सगळ्यांदेखत माझी पुस्तकं उचलली आणि पंख्याच्या दिशेनं एक खुर्ची पुढच्या जागेवर नेऊन ठेवली. "आपटलाय बिचारा. वारं लागू द्या की जरा."

पंख्याखाली तेव्हा ताहेरा बसायची. तिनं मान वर न करता सांगितलं, "लई खूश होऊ नको. हितं यायला अजून आपटायला लागतंय."

मी हसलो. नापास झालेल्या दिवशी माणूस हसू शकतो, हे मला तिथे कळलं.

दुपारी कुणी पुस्तकावर डोकं ठेवलं तर काका हलकेच म्हणायचे, "झोप खुशाल. घोरू नको. शेजारच्याचा इतिहास बिघडतो." स्वतः मात्र दाराजवळ बसायचे, जिथे वाऱ्याची झुळूकही पोचत नसे. फाटक्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यानं वारा घेत राहायचे.

"काका, तुम्ही बसा की पंख्याखाली."

"मी कुटं नापास झालोय? मी परीक्षाच दिली न्हाय."

पुढे ताहेरा पास झाली, रीतसर हाकलली गेली आणि जेऊर स्टेशनच्या तिकीट खिडकीवर लागली. तिची खुर्ची मला मिळाली. मग मीही पास झालो आणि वर सांगितलेला प्रकार घडला. नंतर एकदा पेपर वाचायच्या निमित्तानं गेलो, तर काकांनी बाहेरच्या खोलीतूनच परतवलं. "नोकरीवर ध्यान दे. हितली सवय सोड." मोहोळच्या पोस्टात खिडकीवर बसताना मला पगारापेक्षा त्या दाराचीच आठवण जास्त यायची.

एका सोमवारी "पुढचे या" म्हणालो आणि खिडकीत काका. अंगात इस्त्रीचा सदरा, लग्नाला निघाल्यासारखा.

"एक पोस्टकार्ड द्या, साहेब."

"काका, तुम्ही इकडं?"

"रांग हाय मागं."

कार्ड घेऊन ते भिंतीशी उभे राहिले. मी शिक्के मारत होतो ते बराच वेळ बघत होते. मग निघून गेले. सोमवारी वाचनालय बंद असतं. असे ते अधूनमधून येऊ लागले. प्रत्येक वेळी साहेब, प्रत्येक वेळी एक कार्ड. शेवटी मी विचारलं, "एवढी पत्रं कुणाला लिहिता?"

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "लिहायला माणूस लागतंय की," ते म्हणाले, शाई लागते म्हणावं तसं. "चला, मागचे खोळंबलेत, साहेब."

संध्याकाळी मी ताहेराला फोन केला.

"माझ्याकडं पण येतात," ती म्हणाली. "सोलापुरात परतीचं तिकीट मुद्दाम काढत न्हाईत. माझ्या खिडकीवर काढतात. मग गाडी येईपर्यंत बाकड्यावर, तोंड माझ्याकडं. हाक मारली की म्हणतात, 'मॅडम, ड्यूटी करा.'" मग म्हणाली, "त्यांच्या घरी कुणी न्हाय रे. तितं असताना आपण कधी विचारलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच खिडकीतून एक पोस्टकार्ड घेतलं आणि बारीक अक्षरात लिहून पाठवलं:

ती. इरण्णाकाकांस,
सा. नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्या दारावर पाटी आहे, 'वाचनालय सर्वांसाठी खुले'. त्यात 'पास झालेले सोडून' असं कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा येत्या रविवारी मी आणि ताहेरा येत आहोत. बाहेरच्या खोलीत बसू, माठातलं पाणी पिऊ, मावश्यांचे कागद वाचून देऊ. अभ्यासिकेत एकदाच पाऊल टाकू, त्याचं कारण खाली.

तुमच्याकडे कोरी कार्डं बरीच साठली असतील. लिहायला माणूस लागतं म्हणालात. माझा पत्ता तुम्हाला ठाऊक आहे.

आता कारण. परीक्षा दिली नाही म्हणून वारं नको, असं तुम्ही म्हणता. पण दर निकालाला आम्ही पास होतो आणि तुमचं एक माणूस जातं, म्हणजे दर वेळी आपटता तुम्हीच. तुमच्याच नियमानं पाहिलं तर पंख्याखालची खुर्ची तुमची आहे. रविवारी तुम्हाला दंडाला धरून तिथे बसवणार आहोत.

तुमचा आज्ञाधारक, रविवार सोडून,
सिद्राम