मसुराएवढा ब्रेक

समोरचा माणूस भेटला की आपण 'बरं आहे ना?' असं विचारतो. आमच्या मिरजगावचे साळवेनाना विचारत, "काय, ब्रेक कसा हाय?"

नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पुण्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना मेंदूचं चित्र समजावून सांगितलं आणि आमच्या गावाचं नशीब फुटलं. चहाच्या टपरीवर येईल त्याला धरून नाना सांगत, "पार आत, तळाशी, दोन्ही अंगाला एकेक गोळा. मसुराच्या आकाराचा. सबथॅलॅमिक न्यूक्लियस!" हे नाव ते एका दमात म्हणत, आणि आमची जीभ अडखळली की लई खूश होत. "हालचालीचा ब्रेक त्यो. जास्त दाबला तर मानूस जाम, फेल झाला तर हातपाय उडत्यात."

मग काय, सगळं गाव गॅरेजला लागलं! भाषणात सरपंचांचा उजवा हात भिरभिरला की नाना मागून ओरडत, "डावा ब्रेक गेला! आतली वायरिंग उलटी असती!" मी तलाठी. सातबाऱ्यावर सही करायला मी जरा वेळ लावला की म्हणत, "भाऊसाहेबांचा जाम हाय. च्या पाजा, सुटंल." आणि लोक खरंच पाजायचे.

हे सगळं शिक्षण गयाबाईंमुळं. नानांच्या बायकोला कंपवात होता. गोळीचा जोर उतरला की चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे, तेही नेमके दारात. पुढं काहीतरी आडवं ठेवलं की पाय उचलतो, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नाना स्वतःचाच पाय आडवा घालायचे. आळीला वाटायचं, म्हातारा बायकोला पाडतोय.

भाचीच्या लग्नात गयाबाई मांडवाच्या तोंडाशीच थांबल्या. मागं वऱ्हाड खोळंबलं. नानांनी पाय पुढं केला. "ओलांड."

"चारचौघांत नवऱ्याला ओलांडू? न्हाई बाई!"

"घरी रोज ओलांडती की!"

"घरी कोन बघतंय?"

"बघू दे. भाचीवर फुलं टाकायची हायेत ना? ओलांड, गया."

गयाबाईंनी डोळे मिटून पाय उचलला आणि आत गेल्या. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

जेवताना मी चिडवलं, "नाना, काठी आडवी टाकायची. एवढा तमाशा कशाला?"

नाना कधी नव्हे ते हळू बोलले. "काठी चालती. पर काठी बघून ती भिती, पडंन म्हनती. माझा पाय बघून न्हाई भित." समोरच्या पंगतीत थरथरत्या हातानं घास उचलणाऱ्या गयाबाईंकडं ते बघत राहिले. "भाऊसाहेब, मला येकाच गोष्टीचं भ्या वाटतं. मी आदी गेलो, तर ही दारातच हुबी राहील ना हो."