एक हात विरोधात

माझ्या मुलीची सुपारी फुटायच्या वेळी सोयऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मग, सगळ्यांना मंजूर?" माना हलल्या. आणि बैठकीच्या अगदी मागच्या ओळीतून एक हात वर झाला.

"माजा इरोध हाय. नोंदवून घ्या."

मी हबकलो. व्याही माझ्याहून जास्त हबकले. नवरदेवाच्या मामाने तोंडातला पेढा तसाच गालात धरून ठेवला. हात होता माझ्या शेजारच्या आश्रुबाचा. मी विचारलं, "आश्रुबा, पोराबद्दल काही ऐकलंस का?"

"न्हाई. पोरगं लई चांगलं हाय. पर गुरुजी, एकमतानं काय झालं की मला भ्याव वाटतं. एक तरी हात इरोधात पायजे, म्हंजे मान्सं इचार करतेत."

एवढं बोलून त्याने दोन पेढे खाल्ले आणि व्याह्यांच्या पाया पडला. मुलीचं चांगलं चाललं आहे. पण व्याही अजूनही आमच्याकडे आले की आधी भिंतीपलीकडे बघतात आणि मग चपला काढतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. वरून कागद आला की सही करायची आणि खालून प्रश्न आला की पाणी प्यायला जायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. पाटोद्याच्या बाजूला आमची छोटी वाडी. अशा भित्र्या माणसाला देवाने शेजार द्यावा तो लाल बावट्याच्या आश्रुबाचा, आणि मधे कमरेएवढी भिंत. देवाने माझी गंमत केली, दुसरं काय.

विरोध नोंदवायला आश्रुबाला कुठलीही जागा चालायची. एका दशक्रियेला कावळा पहिल्याच झटक्यात पिंडाला शिवला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तोवर हा म्हणाला, "एकच कावळा व्हता. कोरम न्हाई." मयताच्या थोरल्या मुलाला मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं, नाहीतर त्या दिवशी दुसरी दशक्रिया लागली असती.

आणि निवडणुका. सोसायटी, ग्रामपंचायत, बाजार समिती, झेडपी, आमदारकी, जी निघेल तिला आश्रुबाचा अर्ज. समोर कायम तात्या किंवा तात्यांचं कोणीतरी. तात्या म्हणजे आमच्या भागाचे मोठे पुढारी. त्यांनी पक्ष पुष्कळ बदलले, खुर्ची एकदाही बदलली नाही. अनामत जप्त झाली की आश्रुबा दारात उभा राहायचा आणि तात्यांची मिरवणूक समोरून जाताना हात वर करायचा. तात्याही गुलालातून हात हलवायचे. त्यांना तो नमस्कार वाटायचा.

पोटाला आश्रुबा ऊस तोडायला जायचा. आमची निम्मी वाडी जाते. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, मुकादमाच्या वहीत नाव लागतं नवऱ्याचं. एकट्या माणसाच्या नावापुढे 'अर्धा' लिहितात.

आश्रुबाची बायको मला दिसायची कमी, ऐकू जास्त यायची. एकदा तो परळीच्या मोर्चाहून आला तो तिथल्या वीज केंद्राच्या राखेच्या गाड्यांमागून चालत, केसांपासून पायांपर्यंत पांढरा होऊन. ती दारातूनच म्हणाली, "अवं, मोर्चा भाईर झटका, मंग आत या."

"माजा इरोध हाय."

"नोंदवला. आता झटका."

आणि तो मुकाट्याने झटकायला लागला. त्याचा विरोध असा फेटाळून लावणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी ती फडातच तापाने गेली. तेव्हापासून मुकादमाच्या वहीत आश्रुबाच्या नावापुढे 'अर्धा' लागलं.

यंदा झेडपीला नवल घडलं. वर कुठेतरी तात्यांच्या पक्षाची आणि बावट्याची आघाडी झाली. पेपरात फोटो पाहून मी चहा अंगावर सांडला. आमच्या गटात जागा एक आणि मागणारे दोन, तात्या आणि आश्रुबा. तिकीट वरून येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आश्रुबाने मात्र भर बैठकीत हात वर केला.

"तिकीट वरून कावून? खालून का न्हाई? आमच्या दोघात कोन, ते आदी ऊसतोड्यांला इचारा. जो हरंल त्यानं जिंकंल त्याचा प्रचार करायचा."

तात्या हसले. म्हणाले, "आश्रुबा, तुझ्याच वाडीत मतदान घेऊ. दसऱ्याच्या आत, टोळ्या जायच्या आधी." पुढाऱ्याचं हसणं फुकट नसतं. घरच्या वाडीत हरला की हा पुन्हा कुठे तोंड वर काढणार नाही, हा त्यांचा हिशोब. आणि हे मतदान घेणार कोण, तर निवृत्त मास्तर. नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलेलं नाही, ते तेव्हा कुठून जमणार.

पद्धत आश्रुबानेच काढली. शाळेच्या वर्गात पडदा, पडद्यामागे दोन मडकी, चुन्याचं तात्यांचं आणि गेरूचं आश्रुबाचं. माणशी एक चिंचोका. मी म्हटलं, "अरे, चिंचोके गावात पोत्याने आहेत. एकेक जण खिसा भरून आणील." म्हणून प्रत्येक चिंचोक्यावर माझ्या सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. जितकी नावं तितकेच चिंचोके. सून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

यादीचा प्रश्न आला. सरकारी यादी आश्रुबाला नको होती. "तिच्यात निम्मी मेलेली आन निम्मी पुन्याची." त्याने मुकादमाची वही मागून आणली. मुकादम तात्यांचा पुतण्या, पण टोळीत कोण आहे हे त्याच्या वहीइतकं खरं कुठेच नसतं. त्रेसष्ट कोयते. मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले, खाली सही केली. त्या यादीत काही चुकतंय असं मला, आश्रुबाला, तात्यांना, कोणालाही वाटलं नाही.

रविवारी सकाळी रांग लागली. पुरुषांची मतं पडायला लागली. आश्रुबा खुशीत होता, सगळे त्याच्याबरोबर ऊन खाल्लेले गडी. तेवढ्यात त्याच्या चुलतभावाची बायको चंद्रकला दहा-बारा जणींना घेऊन टेबलापाशी आली.

"भावजी, माजं नाव कुटं हाय?"

आश्रुबाने यादीवर बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा खालून वर. मुकादम खिडकीतून म्हणाला, "वहिनी, दादाचं नाव हाय की. एक कोयता, एक मत."

"मोळ्या बांदायला मी, आन मत टाकायला एकलाच कोयता व्हय?"

आश्रुबा मटकन बाकावर बसला. तोंड असं पडलं की मला वाटलं चक्कर आली. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि जन्मात पहिल्यांदा राजकारण बोललो. "हे बघ, गेल्या पंधरवड्यात तात्यांच्या मंडळींनी हळदीकुंकू केलं, बायकांना स्टीलचे डबे वाटले. यादी आहे तशी राहू दे. नियमात बसतं. तू जिंकतोयस."

तो उठला. हात वर केला.

"माजा इरोध हाय. नोंदवून घ्या."

"कोणाच्या विरोधात?" मी विचारलं.

"माज्या. जलमभर हक्क हक्क वरडलो, आन यादी मुकादमाची उतरवली. ल्ह्या, गुरुजी. आश्रुबाच्या इरोधात आश्रुबा."

मी थक्क होऊन खरंच लिहिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मग तो स्वतः लिहायला बसला. प्रत्येक कोयत्यासमोर तिचं नाव. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. दुपार झाली. निम्म्या जणी नावच सांगेनात. "ल्ह्या, सुदामाची कारभारीन." "ते नाव न्हाई, बाई. तुजं सांग." एक म्हातारी किती तरी वेळ पदर चावत उभी राहिली.

"म्हायेरचं सांगू का सासरचं?"

"जे तुला आवडतं ते, मावशे."

"मंग सोनी ल्ही."

रांगेतल्या पोरीबाळी फिदीफिदी हसल्या. म्हातारी हसली नाही. यादीतलं ते नाव वाचता येत नसतानाही तिने नीट वाकून पाहून घेतलं.

लाल बाटली संपली होती. सुनेकडून गुलाबी आणावी लागली, म्हणून बायकांच्या चिंचोक्यांवर गुलाबी ठिपका पडला. आश्रुबाने नावं मोजून आकडा सांगितला आणि मी साठ ठिपके दिले. एकेका नावापुढे खूण करत तो चिंचोका हातावर ठेवत होता.

संध्याकाळी मडकी सर्वांदेखत पालथी केली आणि माझी चूक मला दिसली. मतदान गुप्त ठेवायचं हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो, आणि इथे लाल-गुलाबीवरून कोणाच्या घरात काय झालं ते उघड दिसत होतं. आश्रुबाच्या गेरूच्या मडक्यात लाल तेवीस. तात्यांच्या मडक्यात लाल छत्तीस. ज्यांच्या जिवावर हा उभा होता ते गडीच तिकडे वळलेले. आणि ज्यांनी स्टीलचे डबे घेतले होते त्या बायका? गेरूत गुलाबी चौतीस, चुन्यात एकवीस. मुकादमाचं तोंड उघडं ते उघडंच. चंद्रकला म्हणाली, "डबा चांगला व्हता. मत आमचं व्हतं."

बेरीज मी तीनदा केली. सत्तावन्न आणि सत्तावन्न.

बरोबरी झाली की चिठ्ठी काढायची, हा नियम मीच सांगितला. काढायला चंद्रकलेलाच बोलावलं. तिने डोळे मिटून हात घातला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. तात्या.

ती बिचारी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तात्यांनी आश्रुबाला मिठी मारली. मिठीतूनच एक हात वर आलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या चिंचोक्यांचा ताळा करायला बसलो. सवय वाईट. चार पुरुष आले नव्हते, लाल चार उरायला हवे, ते उरले. खूण नसलेली बाईमाणसं पाच होती, गुलाबी पाच उरायला हवे. उरले चार.

एक गुलाबी मत गायब. यादी घेऊन मी खूण नसलेली नावं वाचली. चौघी माहेरी गेलेल्या, मला माहीत होत्या. पाचवी होती गयाबाई. कोण ही गयाबाई? वाडीतली तीन पिढ्यांची पोरं मी हजेरीत घेतली, मला माहीत नाही असं नाव इथे असूच शकत नाही. मग कोयत्याचं नाव बघितलं. समोर 'आश्रुबा', पुढे माझ्याच अक्षरातलं 'अर्धा'. ते 'अर्धा' त्याने एका रेघेने खोडलं होतं.

मी यादी घेऊन भिंतीपाशी गेलो. आश्रुबा अंगणात कोयत्याला धार लावत होता. मी यादी पुढे धरली आणि विचारलं, "आश्रुबा, ही कोण?"

विचारलं आणि मीच गार पडलो. एकोणीस वर्षं ती या भिंतीपलीकडे होती. माझ्या मुलीच्या सुपारीला तिने चुलीपाशी बसून शंभर माणसांच्या भाकरी थापल्या. मला तिचा आवाज पाठ होता. नाव मी कधी विचारलंच नव्हतं. लाज वाटली, फार लाज वाटली.

त्याने धोतराच्या कनवटीची गाठ सोडली आणि तो चिंचोका भिंतीवर ठेवला. गुलाबी ठिपका.

"बाया नावं सांगत व्हत्या, गुरुजी. लिहिता लिहिता माजा कोयता आला. हात थांबंना."

"मग टाकायचास मडक्यात," मी म्हणालो. मला, आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसाला, ते बोलताना काही वाटलं नाही. "कोणाला कळणार होतं? एका मताने जिंकला असतास. चिठ्ठीच पडली नसती."

"हातात घिऊन पडद्याआड गेलतो की." तो कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. "मंग वाटलं, ही कुनाला टाकंल? आन मला सांगता येईना. इतकी वर्सं एका कोयत्यात व्हतो. मी तिला भाषनं लई ऐकवली. तुजं मत काय, आसं एक डाव बी इचारलं न्हाई. ती बहुतेक टायमाला माज्या इरोधातच आसायची, गुरुजी. तिचं मत मी कसं टाकू?"

रस्त्यावरून तात्यांच्या प्रचाराची रिक्षा गेली. दिल्या शब्दाप्रमाणे दुपारी आश्रुबाला तिच्यात बसायचं होतं.

"चूक झाली म्हना," तो म्हणाला. "चिंचोका घ्या वापस. पर नाव तेवढं राहू द्या. नोंदवून घ्या."

मी भिंतीवर यादी टेकवली, पेन काढलं. माहेरी गेलेल्या चौघींपुढे जे लिहिलं होतं तेच गयाबाईच्या नावापुढे लिहिलं, गैरहजर. आणि खाली सही केली.

त्याने यादी डोळ्यांजवळ धरून ते वाचलं, दोनदा वाचलं. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. हात वर झाला नाही.