तीन वेळा वाजलेला भोंगा

आमच्या किनाऱ्याचा इतिहास माझ्याइतका या गावात कुणालाही ठाऊक नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगतो. नम्रपणा दिसत नसेल तर तो तुमच्या नजरेचा दोष! जुनी जकात कचेरी, चुन्याच्या भट्ट्या, दोरखंडाची गिरणी आणि शेवटी मासळी डबाबंद करायचा तो अवाढव्य कारखाना, बावीस वर्षं बंद पडलेला. त्या अडीच किलोमीटरमधली वीट न् वीट मला ओळखते, असं मी महिनाभर आमच्या नगरपालिकेच्या सगळ्या कचेरीला ऐकवत होतो.

तुम्ही म्हणाल, एवढा सोस कशाला? अहो, अठरा वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसतोय. तिथे माणसाशी गाठ पडते ती तो नुकताच आलेला असताना, नाहीतर गेल्यावर. दोन्ही वेळी त्याला माझं बोलणं ऐकण्यात काडीचा रस नसतो! अशात पर्यटन खात्याने किनारा-फेरी सुरू करायचं काढलं. दर रविवारी वीस माणसं आणि त्यांना माहिती सांगणारा एक गाइड. वीस माणसं! निमूटपणे माझं ऐकणार! मला ते काम हवं होतं. लहान पोराला खेळणं हवं असतं ना, तितकं हवं होतं. खात्याच्या बाई चाचणीच्या फेरीला स्वतः येणार होत्या आणि त्याच दिवशी निकाल लावणार होत्या.

"आईलाही घेऊन जा की," बायको म्हणाली. "एकतीस वर्षं काढलीत तिने त्या कारखान्यात."

"आई डबे भरायच्या गं. मी इतिहास सांगणार आहे!"

सासूबाई समोरच लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे गं त्यांना एकटं. मोकळ्या हवेत तेवढंच बरं वाटेल."

रविवारी सकाळी फेरी निघाली. बाई हातात वही घेऊन पुढे, मागे हौशी मंडळी, आणि त्यांत आमच्या शेजारचे दंतवैद्य. हे गृहस्थ दात तपासतात त्याच पद्धतीने माणूसही तपासतात. दोरखंडाच्या गिरणीपाशी त्यांनी टोकरलंच, "लांबी किती हो हिची?"

"तीनशे सत्तावीस मीटर!" मी ठोकून दिलं. आकडा असा वाकडातिकडा दिला की कुणी शंका घेत नाही, हा माझा अनुभव. बाईंनी लिहूनसुद्धा घेतला!

मग काय, माझी गाडी सुसाट सुटली. कारखान्याच्या कुंपणालगत एक लांबुळकी दगडी खोली आहे, छताजवळ बारीक बारीक झरोके असलेली. तिच्यासमोर उभा राहून मी आवाज खाली आणला. "हे दारूगोळ्याचं कोठार! शत्रूची जहाजं दिसली रे दिसली, की..."

"कारखान्याच्या आवारात?" दंतवैद्य.

"कारखाना नंतर आला!"

बाईंची वही भरत चालली होती. आता फक्त शेवटचा डाव बाकी होता. फाटकाजवळच्या खोलीवर एक हातभोंगा आहे, हँडल मारून वाजवायचा. आदल्या रविवारी मी गुपचूप त्याला शिवणयंत्राचं तेल पाजून ठेवलं होतं. मी वर चढलो आणि ओरडून सांगितलं, "एक लांबलचक भोंगा म्हणजे शिफ्ट सुरू! ऐका!"

हँडल फिरवलं. काय आवाज निघाला म्हणता! पण अठरा वर्षं शिक्क्यापेक्षा जड काही न उचललेला हात तो. पाच सेकंदांत दम गेला. श्वास घेतला, पुन्हा फिरवलं, पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही तेच! एक लांब भोंगा मी तीन हप्त्यांत वाजवला. तरी खाली टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबतात तोच मागच्या कामगार वसाहतीतून, म्हणजे आमचंही घर आहे तिथून, धडाधड दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले. गल्लीतून एक आजोबा बाहेर पडले, नाकावर ओला टॉवेल दाबलेला. त्यांच्यामागे दोन आजीबाई, त्यांच्यामागे आणखी पाचसहा जण. कुणाच्या नाकाला ओला अभ्रा, तर एकाच्या नाकाला चक्क ओला पायमोजा! बघता बघता तीसचाळीस म्हातारी माणसं ओळीने, न बोलता, समुद्राकडे चालू लागली. आणि सगळ्यांच्या पुढे आमच्या सासूबाई! कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही ज्यांना माझा हात धरावा लागतो, त्या!

"भोंगा कुणी वाजवला?" त्यांनी रुमालातून गर्जना केली.

सगळी बोटं माझ्याकडे वळली. दंतवैद्यांचं सर्वांत आधी.

"शिफ्टचा होता, आई," मी वरूनच पुटपुटलो.

"शिफ्टचा एक! तीन म्हणजे बर्फखान्यातला अमोनिया सुटला! उतरा खाली! ओलं फडकं नाकाला लावा आणि वाऱ्याला तोंड करून धक्क्यावर चला!"

"पण आई, कारखाना बावीस वर्षं बंद आहे!"

सासूबाई थबकल्या. मग म्हणाल्या, "ते मागाहून बघू. आधी हजेरी!"

धक्क्यावर हजेरी झाली. नावं नाहीत, नुसते बिल्ल्यांचे नंबर. सगळे त्यांना तोंडपाठ!

"एकोणीस!"

"आहे!"

"बावन्न!"

"आहे! कवळी घरी राहिली!"

"चौसष्ट!"

मग मागून आवाज आला, "तो गेला की गं. दोन वर्षं झाली."

त्याच्या मृत्यूची नोंद मीच केली होती. नाव, वय, पत्ता, सगळं माझ्या अक्षरात. त्याला नंबर होता, आणि त्या नंबराला हाक मारणारं माणूस माझ्याच घरात लसूण सोलत बसतं, हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"सुटला बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "आपणच उरलो धावायला!" तेव्हा एकजण हसला आणि मग सगळा धक्काच हसत सुटला.

पर्यटनवाल्या बाई एव्हाना माझ्याकडे पाठ करून सासूबाईंना चिकटल्या होत्या. "आणि आजी, ते दारूगोळ्याचं कोठार?"

"कसलं कोठार? अहो, बायकांचे संडास ते! एकशे चाळीस जणी होतो आणि सोय एकीचीही नाही. सतरा दिवस काम बंद पाडलं, तेव्हा कुठे बांधून मिळाले!"

बाईंनी वहीतलं माझं पान शांतपणे फाडलं. मग सासूबाई पुढे, वीस माणसं त्यांच्यामागे, अशी फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दहा पावलं मी रागाने चाललो. अकराव्या पावलाला मीही ऐकू लागलो.

"फेरी मंजूर!" शेवटी बाईंनी जाहीर केलं. मी केसांवरून हात फिरवला. "आणि गाइड म्हणून..." मी चेहरा शक्य तितका विनम्र केला. "आजींचंच नाव घालते!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापूंनाही ठेवा हो कुठेतरी," त्या म्हणाल्या. "हौस आहे त्यांना."

तर सध्या दर रविवारी मीही असतो. जकात कचेरीच्या दारात उभं राहून "सांभाळून, पायरी तुटकी आहे!" एवढं म्हणायचं काम माझ्याकडे आहे. हसू नका! वीसच्या वीस माणसं माझं ते वाक्य कान देऊन ऐकतात. दंतवैद्यांनी गेल्या रविवारी ऐकलं नाही, ते पडले.